विश्लेषण : पिवळा दिवा विझवायचा, की गाडी दुरुस्त करायची? उत्सर्जन सेन्सर नेमके काय सांगतात?

नेवासा तालुक्यातील घोडेगाव अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर आहे. कांद्याचा उपबाजार, जनावरांचा बाजार आणि शनिशिंगणापूरकडे फुटणारा रस्ता यांमुळे येथे पिकअप, टेम्पो आणि मोटारींची दिवसभर ये-जा असते. यातल्या १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या गाड्या बीएस-६ मानकाच्या आहेत आणि त्यांचा धूर इंजिनातला संगणक सतत तपासत असतो. त्याला काही खटकले की डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. मग गॅरेजमध्ये सहसा दोनच सल्ले मिळतात. ‘सेन्सर गेलाय, बदला’ किंवा ‘काढूनच टाकू, कटकट संपेल’. पहिल्या सल्ल्यात अनेकदा पैसे वाया जातात. दुसऱ्याने आज पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण पुढे खर्चही वाढतो आणि धूरही.

हा दिवा कशाचा असतो?

दिवा म्हणजे निदान नव्हे, ती तक्रार आहे. संगणकाला अपेक्षित आकडा आणि प्रत्यक्ष आकडा यांत सलग फरक दिसला की तो एक कोड नोंदवतो आणि दिवा लावतो. ही व्यवस्था म्हणजे ओबीडी. भारतात चारचाकींसाठी ती २०१० पासून आणि तिची पुढची पायरी २०१३ पासून लागू झाली. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचा सॉकेट असतो, त्याला स्कॅनर जोडला की कोड वाचता येतो. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे छोटे स्कॅनर आता हजार-दोन हजारांच्या आत मिळतात. वर्षाला दोनदा गॅरेजची वारी करणाऱ्याने तो घ्यायला हरकत नाही.

कोडचे नाव मात्र फसवे असते. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. त्याचा अर्थ ऑक्सिजन सेन्सर खराब असा होत नाही, उलट सेन्सर आपले काम चोख करतो आहे असाही होऊ शकतो. हवेच्या पाइपला चीर, इंधन पंपाचा कमी दाब, तुंबलेला इंजेक्टर किंवा सायलेन्सरच्या जोडातली गळती यांपैकी काहीही असले तरी कोड हाच येतो. स्कॅनरवर ‘ऑक्सिजन’ हा शब्द दिसला म्हणून काही हजारांचा सेन्सर बदलणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणे.

एक फरक मात्र प्रत्येक चालकाला ठाऊक हवा. दिवा स्थिर असेल तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. पेट्रोल गाडीत तो उघडझाप करू लागला तर सिलिंडरमध्ये इंधन न जळता सायलेन्सरकडे जात आहे आणि तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भट्टीसारखा तापतो आहे. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन थांबवणेच बरे. या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात आणि तो एकदा वितळला की सेन्सरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो.

पेट्रोल गाडीत काय मोजले जाते?

मुख्य पहारेकरी म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, त्याला लॅम्डा सेन्सरही म्हणतात. बॉशने बनवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला. आत झिर्कोनियाचे सिरॅमिक असते. त्याच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितका विद्युतदाब. साध्या प्रकारात तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान वर-खाली होतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तापल्याशिवाय तो बोलत नाही, म्हणून त्यात हीटर असतो. सेन्सरचे बरेच कोड प्रत्यक्षात या हीटरच्या फ्यूजचे किंवा वायरीचे असतात.

बहुतेक गाड्यांत असे दोन सेन्सर असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर. पहिल्याचा आकडा नाचला पाहिजे, दुसऱ्याचा जवळपास स्थिर राहिला पाहिजे. दोन्ही सारखेच नाचू लागले तर कन्व्हर्टर काम करत नाही, असे संगणक मानतो आणि ‘पी ०४२०’ नोंदवतो. इथे घाईने मागचा सेन्सर बदलून काही हाती लागत नाही. इंजिन ऑइल जळते आहे का, कूलंट कमी होते आहे का, हे आधी पाहावे, कारण कन्व्हर्टर आणि सेन्सर दोन्ही त्यानेच मरतात. सायलेन्सरचा जोड बसवताना किंवा इंजिन बांधताना साधा सिलिकॉन लेप वापरला, तर त्याची वाफही सेन्सर निकामी करते.

हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या पुढे असतो. त्यातल्या केसासारख्या तापलेल्या तारेवर धूळ बसली की संगणकाला हवा कमी भासते. खडी-मुरुमाच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरआधीच बदलावा लागतो. फिल्टर हवेच्या फवाऱ्याने झटकून पुन्हा पुन्हा वापरला तर त्याचा कागद फाटतो आणि धूळ थेट तारेवर जाते. तारेसाठी वेगळा स्प्रे मिळतो. कार्ब्युरेटरचा स्प्रे, पेट्रोलचे फडके किंवा बोट, यांपैकी काहीही तिथे लावू नये.

आणि उंदीर! कांद्याच्या चाळीशेजारी किंवा धान्याच्या कोठारालगत गाडी उभी असेल तर वायरी कुरतडल्या जाणे हे नेहमीचे दुखणे. सेन्सर मागवण्याआधी वायरमनकडून त्याची वायर आणि कनेक्टर तपासून घेण्याचा खर्च अगदी किरकोळ असतो.

दिवा इथेनॉलमुळे लागतो का?

ऊस आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हा प्रश्न नाजूक आहे. इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजनच असतो, त्यामुळे जळायला त्याला हवा कमी लागते. १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर १ किलो इथेनॉलला ९ किलो. २० टक्के मिश्रणाला हा आकडा साधारण साडेतेरापर्यंत उतरतो. म्हणजे जुन्या हिशेबाने इंधन सोडले तर धुरात ऑक्सिजन उरतो, सेन्सर ते सांगतो आणि संगणक इंधन वाढवतो. १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर जाताना ही वाढ जेमतेम ४ ते ५ टक्के असते, आणि तिला सामावून घेण्याची क्षमता संगणकात भरपूर असते. त्यामुळे निरोगी गाडीत केवळ इथेनॉलने दिवा लागू नये. आधीच इंजेक्टर तुंबलेला आणि पंप थकलेला असेल, तर मात्र ही ४ टक्के शेवटची काडी ठरू शकते.

मायलेजची तक्रार खोटी नाही. १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट होईल, असा अंदाज निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता. घट त्याहून बरीच जास्त असेल तर दोष इंधनावर न ढकलता स्कॅनर लावावा.

डिझेल पिकअपचे दुखणे वेगळे का?

डिझेलमध्ये काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे दोन शत्रू. काजळी डीपीएफ नावाच्या जाळीदार फिल्टरमध्ये अडकते. फिल्टर भरत आला की संगणक जादा डिझेल सोडून धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळून टाकतो. या कामाला गाडी साधारण १५ ते २० मिनिटे सलग बऱ्या वेगाने चालावी लागते. शेत ते बाजार, बाजार ते घर अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ते घडतच नाही. प्रत्येक वेळी जाळण्याची प्रक्रिया अर्धवट तुटते, न जळालेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले तर आनंद मानू नये, ते लगेच बदलावे.

घोडेगावकरांच्या दारातच त्यावरचा उपाय आहे. पांढरीपूल, जेऊरमार्गे अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग. आठवड्यातून एखादी फेरी या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये रमत न जाता, इंजिन जरा चढ्या फेऱ्यांवर ठेवून केली आणि मध्ये गाडी बंद केली नाही, तर फिल्टर स्वतःला साफ करतो. मात्र डीपीएफचा दिवा लागून बरेच दिवस झाले असतील आणि गाडी ओढत नसेल, तर हा उपाय उशिराचा. तेव्हा स्कॅनरनेच सक्तीची जळण प्रक्रिया करावी लागते. फिल्टर किती भरला हे त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारा सेन्सर सांगतो आणि त्याला दोन बारीक नळ्या जोडलेल्या असतात. नळी तडकली किंवा काजळीने बुजली तरी फिल्टर भरल्याचा कोड येतो. महागडा फिल्टर उतरवण्याआधी ही किरकोळ किमतीची नळी पाहिली गेली का, हे मालकाने विचारलेच पाहिजे. ऑइलची राख मात्र कधीच जळत नाही. म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचे, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल लागते.

नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी काही गाड्यांत डीईएफ, म्हणजे बोलीभाषेतले अ‍ॅडब्लू, टाकावे लागते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असते. ‘युरियाच ना, तो तर गोणीत पडलाय’ हा मोह शेतकरी घरात साहजिक आहे, पण महागात पडणारा. २०१५ पासून देशातला शेतीचा युरिया कडुनिंबाचा लेप दिलेला असतो, शिवाय त्यात बाययुरेट असते आणि बोअरच्या पाण्यात क्षार. ही सगळी भेसळ फवाऱ्याच्या तोंडाशी आणि कन्व्हर्टरमध्ये बसते. धुरातला नॉक्स सेन्सर घोटाळा ओळखतो आणि संगणक गाडीची ताकद कमी करतो. अनुदानाचा युरिया गाडीत वापरणे बेकायदा आहे, हा भाग वेगळाच.

‘काढून टाका’ म्हणजे काय?

डीपीएफ पोकळ करणे, धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर मार्ग पत्र्याने बंद करणे, सेन्सरच्या जागी खोटा संकेत देणारे सर्किट बसवणे आणि संगणकातून तो कोडच पुसणे, असे हे काम असते. गाडी तात्पुरती हलकी वाटते. पण नुसता ऑक्सिजन सेन्सर काढला तर संगणक अंदाजाने इंधन सोडू लागतो, तेही सहसा जास्तच, आणि पेट्रोलसोबत कन्व्हर्टरही जळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही. प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे.

हेच काम कंपन्यांनी केले तेव्हा गदारोळ झाला. २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टवेरा परत मागवल्या. ग्रामीण महाराष्ट्रात लग्नाचे वऱ्हाड आणि देवदर्शन ज्या गाडीने केले, तिच्याच तपासणीसाठी कमी धूर सोडणारी इंजिने निवडून दिली जात होती, असे उघड झाले. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण जगभर गाजले. भारतात पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या चाचण्यांनंतर कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, सर्वोच्च न्यायालयाने पुढे सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. चाचणीत एक आणि रस्त्यावर दुसरेच, हा त्या प्रकरणाचा गाभा. गॅरेजमध्ये काही हजारांत होणारे काम याहून वेगळे नाही, फक्त एकेका गाडीपुरते असते.

मग पीयूसीत ते पकडले का जात नाही?

कारण पीयूसी ते पाहतच नाही. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीत इंजिन आयडलला असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत असावे लागते. डिझेल गाडीत धुराचा काळेपणा मोजला जातो. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत आणि फिल्टर काढल्यावर सुटणारे अतिसूक्ष्म कण या काळेपणात नीट दिसत नाहीत. पिवळा दिवा लागलेली गाडीही पीयूसी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकते. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत हा दिवा पेटलेला असला किंवा मूळचा डीपीएफ गायब असला तरी गाडी नापास होते. नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीने २०२२-२३ मध्ये कण मोजणारी यंत्रेच तपासणीत आणली.

कण मोजणारी यंत्रे प्रत्येक पीयूसी केंद्रावर पोहोचायला वेळ लागेल, हे मान्य. पण सॉकेटला स्कॅनर लावून कोड वाचायला दोन मिनिटे पुरतात आणि यंत्राचा खर्चही जुजबी आहे. गाडी घेणाऱ्याकडून बीएस-६ च्या महाग यंत्रणेची किंमत वसूल केली, ती यंत्रणा चालू आहे की नाही हे मात्र सरकार विचारत नाही. प्रामाणिकपणे फिल्टर बदलणारा मालक आणि तो फोडून टाकणारा मालक दोघांच्या हातात सारखेच प्रमाणपत्र पडते. यात बदल व्हायला हवा आणि त्याची सुरुवात बीएस-६ व्यावसायिक वाहनांपासून करता येईल. तोवर धूर गिळावा लागतो तो बाजारात दिवसभर वाहनांमध्ये उभे राहणाऱ्या हमालांना आणि रस्त्याकडेला दुकान लावणाऱ्यांना.

जुनी गाडी घेताना काय पाहावे?

चावी फिरवून इंजिन सुरू न करता पिवळा दिवा लागतो का, हे आधी पाहावे. तो लागायलाच हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. मुळात लागतच नसेल तर कोणीतरी तो बंद केला आहे. त्यानंतर स्कॅनरमध्ये ‘रेडिनेस’चा रकाना पाहावा. आदल्या दिवशी कोड पुसलेले असतील तर तिथे बऱ्याच चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात, कारण त्या पूर्ण व्हायला अनेक फेऱ्या लागतात. डिझेल पिकअप असेल तर सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवावे. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीची नळी आतून जवळपास स्वच्छ असते. बोट काळे झाले तर फिल्टर आत आहे की नुसते डबडे, हे विक्रेत्याला व्यवहाराआधी विचारावे.