‘नोकरी गावली मां? मग गप रव!’

मालवणच्या एसटी स्टँडवर मे महिन्यात आमच्या कॉलेजातली एक जुनी विद्यार्थिनी भेटली. मी वाणिज्य शिकवतो, ती विज्ञानाची. पण गाव लहान, सगळी मुलं ओळखीची. बी.एस्सी. होऊन दीड वर्ष झालं. गोव्यात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे, म्हापशात खोली घेऊन राहते. ‘‘कसं चाललंय?’’ असं मी विचारलं आणि उत्तर तिच्या काकीनं दिलं, ‘‘बरा चल्लाहा. पगार येळेर गावता.’’ काकी पिशव्या घेऊन गाडीकडे वळल्यावर मुलगी हळूच म्हणाली, ‘‘सर, माका थंय जीव लागणा नाय. पण घरात बोललंय काय म्हणतत, नोकरी गावली मां? मग गप रव!’’

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे. ते माझ्या घरातही बोललं गेलं आहे. त्यामागे माया असते हे मला ठाऊक आहे, आणि तरीही ते चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे.

माया का म्हणतो ते आधी सांगतो. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. २००१च्या जनगणनेत या जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसं होती आणि २०११मध्ये ८,४९,६५१. देशाची लोकसंख्या वाढत असताना आमची घटली. हजार पुरुषांमागे १,०३६ बायका, म्हणजे घरचे पुरुष कुठे आहेत हे सांगायला नको. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षामागून वर्ष राज्यात पहिला येतो, नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे फलक लागतात, आणि फलकावरची मुलं तीन-चार वर्षांत मुंबई, पुणे, गोवा गाठतात. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची किती तरी मुलं रोज पहाटे दुचाकीवर गोव्याची हद्द ओलांडतात आणि रात्री परततात. अशा जिल्ह्यातल्या आईबापाला मुलाच्या हाती पगार पडला की हायसं वाटतं, यात नवल नाही. पण हायसं वाटणं हा मुलाच्या दुःखावरचा इलाज नव्हे.

‘गप रव’ म्हणणाऱ्यांचा मुख्य दाखला असतो मुंबईच्या कापड गिरणीचा. आमच्या बापजाद्यांनी सांच्यावर आयुष्य काढलं, त्यांना कुणी विचारलं का की काम आवडतं का? हा दाखला मला जितका जवळचा आहे तितकाच खोटा वाटतो. गिरणगावात गेलेला आमचा माणूस एकट्या नोकरीवर जगला नाही. त्याला गावकीची खोली होती. दहा बाय बाराच्या त्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे पंधरा-वीस जण एकाच गावचे असायचे. खानावळवाली बाई गाववालीच. शनिवारी भजन, मंडळाचा गणपती, नाटकाची तालीम. कामानं जे दिलं नाही ते चाळीनं दिलं. आज म्हापशातल्या किंवा हिंजवडीतल्या खोलीत चार अनोळखी खाटा आणि चार मोबाइल असतात. त्या मुलाला आजोबांचं उदाहरण देताना आजोबांच्या खोलीतली माणसं आपण गाळून टाकतो.

आणि ती माणसं गप राहिली हे तरी कुणी सांगितलं? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत पगारवाढ होती, तशी बदली कामगारांना कायम करा हीसुद्धा होती. बदलीवाला म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभा राहणारा. कुणी गैरहजर असलं तर त्याला काम, नाही तर परत खोलीवर. ती पद्धत जाचक आहे, बदलली पाहिजे, असं आमच्या बापजाद्यांनी जाहीरपणे म्हटलं आणि त्यासाठी घरं पणाला लावली. संप फसला, गिरण्या गेल्या, किती तरी कुटुंबं रिकाम्या हातांनी गावी आली. तो इतिहास दुःखाचा आहे. पण मुकाट सोसण्याचा धडा त्यातून काढणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

आता दुसरी बाजू. ‘गप रव’ला कंटाळलेली मुलं ज्यांच्याकडे वळतात ते मोबाइलवरचे प्रेरणादायी वक्ते सांगतात: आवडत नाही ना, मग उद्याच सोड, मनासारखं काम शोध. मला हा सल्ला पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो देणाऱ्याला परिणामांची झळ लागत नाही. आमच्याकडे या सल्ल्याला चि. त्र्यं. खानोलकरांचं नाव जोडलं जातं. वेंगुर्ल्याजवळ बागलांच्या राईत जन्मलेला, आरती प्रभू या नावानं लिहिणारा हा कवी नोकरीत रमला नाही, म्हणून मोठा झाला, असं मुलं मला ऐकवतात. खानोलकरांनी कुडाळात घरची खानावळ चालवली, मुंबईला गेले, आकाशवाणीतली नोकरी फार टिकली नाही, आणि १९७६मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी ते गेले. त्या ओढगस्तीला प्रतिभेचं कारण समजू नये. ‘जोगवा’ १९५९मध्ये निघाला. तो नोकरी सोडण्याचं फळ नव्हता. त्याच मातीतले, आरवलीचे जयवंत दळवी वर्षानुवर्षं मुंबईत अमेरिकन माहिती खात्यात नोकरी करत होते आणि ‘चक्र’सारखी कादंबरी लिहीत होते. देवगड तालुक्यातले विंदा करंदीकर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. नोकरी धरल्यानं कुणी लहान झालं नाही आणि सोडल्यानं कुणी मोठं झालं नाही. प्रश्न वेगळ्याच जागी आहे.

शिवाय आवड ही बाविसाव्या वर्षी तयार हातात येते हे गृहीतच मला मान्य नाही. आमच्या दशावतारात नवा पोरगा एकदम राजाचं सोंग घेत नाही. पेटारे उचलतो, रात्र रात्र जागून बघतो, लहान पात्रं करतो. संहिता लिहिलेली नसते, संवाद उभ्या जागी सुचावे लागतात. ते सुचू लागेपर्यंत त्याला रंगभूमी आवडते की नुसती झगमग आवडते, हे त्याचं त्यालाही कळत नाही. हात बसल्यावर येणारी गोडी आधी मागून मिळत नाही.

तिसरा सल्ला आमच्या जिल्ह्याचा खास आहे: गावाक ये, होमस्टे काढ. १९९७मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, २०२१मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगसाठी माणसं येतात, हे सगळं खरं. काही मुलांनी यातून उत्तम संसार उभे केले, त्यांचा मला अभिमान आहे. पण हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा त्या मुलाच्या घरचा सातबारा उघडून बघावा. पणजोबांच्या नावापासून वारस लागलेले. दोन चुलते मुंबईला, एक आत्या बडोद्याला, तिसऱ्या चुलत्याच्या मुलांचे पत्तेच नाहीत. सामायिक जमिनीवर बँक कर्ज देत नाही. भिंत बांधायला घेतली की मुंबईहून फोन येतो. सगळ्यांच्या सह्या मिळवण्यात वर्षं जातात, आणि इतकं करून धंदा हंगामी. पावसाळ्यात समुद्र बंद, खोल्या रिकाम्या. पोरानं धाडस करावं असं म्हणणाऱ्या चुलत्यांनी आधी वाटणीपत्रावर सही करावी. जमीन मोकळी न करता दिलेला ‘परत ये’ हा सल्ला पोकळ आहे.

सरकारी परीक्षेबद्दल थोडक्यातच बोलतो. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. अभ्यास जरूर करावा, पण तेवढ्यासाठी हातची नोकरी सोडून चार वर्षं अभ्यासिकेत बसणं हा मार्ग सर्वांना दाखवू नये. आणि २०२४ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना पाहा. पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन, आधी सहा महिने, मग आणखी पाच. कार्यालयात बसून काम शिकलेली मुलं अकरा महिन्यांनी पुन्हा घरी. हा पहिल्या नोकरीचा अनुभव झाला, पहिली नोकरी नव्हे.

मग मी काय म्हणतो? ‘जीव लागणा नाय’ ही तक्रार आधी खरी माना आणि मग तिची गाठ सोडवायला बसा. गाठ एक नसते. काम छोटं आहे, काम चुकीचं आहे, वरचा माणूस वाईट आहे, पगार पुरत नाही, जेवण धड नाही, बोलायला कुणी नाही, ही वेगवेगळी दुःखं आहेत आणि मूल त्या सगळ्यांना एकच नाव देतं, ‘नोकरी’.

त्या मुलीला मी नंतर घरी बोलावलं. दीड तास बोललो. दिवसभर काय करतेस, हा प्रश्न तिला दीड वर्षात कुणी विचारलाच नव्हता. ती सांगू लागली. ब्युरेट भरायचं, टायट्रेशन करायचं, आकडे नोंदवहीत लिहायचे. तेच सकाळी, तेच दुपारी. नोंदवहीबद्दल बोलताना मात्र तिचा आवाज बदलला. चूक झाली तर खोडायचं नाही, व्हाइटनर लावायचं नाही. एक आडवी रेघ, जवळ बरोबर आकडा, सही, तारीख. चुकीचा आकडाही वाचता आला पाहिजे. ‘‘सर, तपासणीवाले आले तेव्हा माझीच वही पुढे केली,’’ हे तिनं सांगितलं तेव्हा ती मला प्रथमच ताठ बसलेली दिसली. म्हणजे कामातलं सगळंच नकोसं नव्हतं. पहिल्या सहा महिन्यांत शिकण्यासारखं शिकून झालं, पुढचं यंत्र, एचपीएलसी, तिला हाताळायला देत नव्हते. आणि संध्याकाळी सातनंतर त्या खोलीत तिच्याशी मालवणीत बोलणारं एकही माणूस नव्हतं. तिची दोन दुःखं आम्ही अशी वेगळी केली. पहिल्यासाठी तिनं लेखी विनंती करायची ठरली, दुसऱ्यासाठी ओळखीतल्या दोन मुलींबरोबर खोली बदलायची.

आमच्याकडे भात पिकवणारी माणसं आहेत, म्हणून तरव्याचं उदाहरण देतो. बी थेट मळ्यात पेरत नाहीत, आधी तरवा. रोपं तिथं दाटीवाटीनं वाढतात. तीन-साडेतीन आठवड्यांनी ती काढून लावणी. लवकर उपटलं तर रोप धरत नाही, आणि तरव्यातच म्हातारं झालं तर लावल्यावर त्याला फुटवे कमी येतात. पहिली नोकरी हा तरवा आहे. तिथं कणीस शोधणारा मुलगा चुकतो आणि ‘रुजलंय ना, आता हलवू नका’ म्हणणारा बापही चुकतो. आणखी एक गोष्ट कुठलाही शेतकरी सांगेल: मळ्यात चिखलणी झाल्याशिवाय तरवा काढायला कुणी हात घालत नाही. पुढची जागा, चार-सहा महिन्यांचा खर्च, हातात एखादं नवं कौशल्य, ही चिखलणी. ती पगार चालू असतानाच करायची असते. रात्री थकून आल्यावर करावी लागते, हे मला माहीत आहे. तरीही तिला दुसरी वाट नाही.

याला अपवाद आहे आणि तो मी स्वतः भोगला आहे. मुंबईत माझी पहिली नोकरी एका लहानशा कार्यालयात होती. रुजू होताना त्यांनी माझ्या मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या. ‘पद्धत आहे’ म्हणाले, मी दिल्या. पुढे दोन-दोन महिने पगार लांबला तरी त्या कपाटातल्या कागदांपायी मला निघता येईना. वडिलांना कळवलं नाही. उत्तर काय येणार ते ठाऊक होतं. शेवटी दादा, माझा मोठा चुलतभाऊ, सोबत येऊन बसला तेव्हा कागद मिळाले. म्हणून मुलांना सांगतो: मूळ कागद कुणालाही देऊ नका, प्रती द्या. पगार बुडतो, आठवड्याची सुट्टी मिळत नाही, अंगावर हात किंवा तोंडी शिव्या येतात, तिथं तरवा नाही, चिखलणी नाही. त्याच दिवशी निघा आणि सरळ घरी या.

‘सरळ घरी या’ हे मात्र मी लिहून उपयोगाचं नाही. ते घरानं म्हणायला हवं. आपल्याकडे फोनवर दोनच प्रश्न असतात, जेवलंस काय आणि गणपतीक येतलंस मां. त्यात ‘आज काय केलंस’ हा तिसरा घाला. मुलगा सांगेल ते कळलं नाही तरी ऐका. कॉलेजांनाही माझं सांगणं आहे, त्यात मीही आलो: निकालाची टक्केवारी फलकावर लिहितो तशी तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांची एक वही ठेवूया. कोण कुठं आहे, काय करतं, कशानं अडलं.

गेल्या गणपतीत आमच्या वाडीत हे करून पाहिलं. आरती-भजन आटोपल्यावर खळ्यात चटया घातल्या. पुण्याहून, मुंबईहून, गोव्याहून आलेली आठ-नऊ मुलं बसली, बाप आणि आजे लोट्यावर, म्हणजे ओसरीवर. सुरुवातीला कुणी बोलेना. मग त्या औषध कंपनीतल्या मुलीनं सुरुवात केली. नोंदवहीची रेघ सांगितली, म्हापशातली खोली सांगितली. मग एक कुरिअरवाला, एक बँकेतला, एक कॉल सेंटरातला. बारा वाजून गेले. पेट्रोमॅक्सच्या जागी आता एलईडी दिवा असतो, त्याभोवती पाखरं जमली होती.

लोट्यावरचे एक आजोबा, गिरणीतून आलेले, इतका वेळ गप्प होते. ते एकदम म्हणाले, ‘‘पयली दोन वर्सां मी बदलीत होतंय. गेटार उभ्यान काढलंय. घराक कधी सांगूक नाय.’’

त्यांचा मुलगा, वय पन्नासच्या पुढे, शेजारीच बसला होता. तो त्यांच्याकडे वळून बघत राहिला. मग नातवानं विचारलं, ‘‘आजोबा, काम नाय गावला त्या दिसा जेवचास खंय?’’