विश्लेषण : जुना पीसी सुधारायचा की मॅक घ्यायचा? छोट्या स्टुडिओंपुढे पेच का?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्याच सुमारास रॅमचे भाव चढू लागले. पुण्यात खडकी बाजारासारख्या ठिकाणी एक-दोन संगणकांवर लग्नाचे व्हिडिओ, अल्बम, पत्रिका आणि फ्लेक्सची कामे करणाऱ्या छोट्या स्टुडिओंसाठी ही दुहेरी अडचण आहे. आहे तो पीसी सुधारून घ्यायचा, की ॲपलच्या मॅक मिनीसारख्या किंवा लिनक्ससारख्या वेगळ्या प्लॅटफॉर्मवर जायचे?

निर्णय आताच का घ्यावा लागतो?

विंडोज १० चा संगणक बंद पडत नाही. पण नवी सुरक्षा त्रुटी सापडली तर ती आपोआप दुरुस्त होत नाही. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट घेता येतात. त्यासाठी सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडणे, रिवॉर्ड्सचे १,००० गुण वापरणे किंवा ३० डॉलर भरणे असे मार्ग आहेत. संस्थांसाठी मात्र पहिल्या वर्षाचा दर प्रति संगणक ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो.

पीसी सुधारण्याचा खर्च कुठे वाढतो?

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. तो असेल तर काम सोपे आहे. अनेकदा टीपीएम बायोसमध्ये फक्त बंद असतो. तो सुरू करून एसएसडी आणि थोडी रॅम वाढवली की भागते. प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचा असेल तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि बहुधा रॅमही नवी घ्यावी लागते. संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असल्याने तोही पुन्हा घ्यावा लागू शकतो. कॅबिनेट, मॉनिटर आणि हार्ड डिस्क तेवढ्या जुन्या चालतात.

त्यात रॅम महागली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून प्रचंड मागणी असल्याने मेमरी बनवणाऱ्या कंपन्या आपले उत्पादन तिकडे वळवत आहेत. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या नावाने किरकोळ ग्राहकांना मेमरी विकण्याचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले.

मॅक मिनीचे आकर्षण कशात आहे?

एम ४ चिपचा मॅक मिनी भारतात आला तेव्हा १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवणीच्या मॉडेलची किंमत ५९,९०० रुपये होती. मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस वेगळे. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांचे दहा-बिट एच.२६५ चित्रीकरण त्यावर सहज चालते, कारण ते उलगडण्याची सोय चिपमध्येच आहे. जुन्या पीसीवर हेच चित्रीकरण अडखळते आणि दोष रॅमला दिला जातो. प्रत्यक्षात या प्रकारच्या ४:२:२ व्हिडिओसाठी डेस्कटॉपवर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचे अंगभूत ग्राफिक्स किंवा एनव्हिडियाचे ५० मालिकेतील कार्ड लागते. त्यामुळे जुन्या प्रोसेसरला नुसती रॅम जोडून ही अडचण सुटत नाही.

मॅकची मर्यादाही स्पष्ट आहे. मेमरी नंतर वाढवता येत नाही. १०० मेगाबिट दराने केलेले चित्रीकरण तासाला सुमारे ४५ जीबी जागा घेते. दोन कॅमेऱ्यांनी तीन-तीन तास चित्रीकरण केले तर २७० जीबी होतात. म्हणजे एका लग्नातच २५६ जीबी संपतात आणि बाहेरच्या एसएसडीचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा लागतो.

मग अडते कुठे?

अडते ते जुन्या कामात. लग्नाच्या व्हिडिओ संकलनासाठी भारतात लोकप्रिय असलेले एडियस फक्त विंडोजवर चालते. त्यातले अर्धवट प्रकल्प मॅकवर उघडत नाहीत. एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्क मॅक वाचतो, पण जादा सॉफ्टवेअरशिवाय त्यांवर लिहू शकत नाही. फोटोशॉपची अडचण नाही, ते दोन्हीकडे आहे.

मराठी मजकुराचा प्रश्न आणखी वेगळा. मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम ही मराठी डीटीपीची दोन परिचित नावे पुण्याचीच. सी-डॅकचे मुख्यालय तर पूर्वी खडकीलगतच्या विद्यापीठ आवारात होते. मात्र युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रिका तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांची होते. युनिकोडमधला मजकूर मात्र विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींकडे वाचता येतो.

लिनक्स हा पर्याय आहे का?

जुन्या पीसीवर तो मोफत बसतो आणि सुरक्षा अपडेटही मिळतात. केडेनलाइव्ह, गिंप, इंकस्केप यांवर शिकणे आणि साधे काम करणे शक्य आहे. पण फोटोशॉप, कोरलड्रॉ आणि एडियस यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. ज्याचा ग्राहक पीएसडी किंवा सीडीआर फाइल मागतो, त्याला मुख्य संगणकावर लिनक्स परवडणार नाही.

चांगले यंत्र पुरेसे असते का?

इतिहास नाही म्हणतो. १९८५ मध्ये आलेला कमोडोरचा अमिगा रंग, आवाज आणि व्हिडिओ यांत तेव्हाच्या पीसीच्या कितीतरी पुढे होता. १९९० मध्ये आलेल्या ‘व्हिडिओ टोस्टर’ कार्डामुळे तो टीव्ही स्टुडिओंत पोहोचला. तरीही १९९४ मध्ये कमोडोर दिवाळखोरीत गेली आणि अमिगाधारक उघड्यावर पडले. ॲपलची आजची स्थिती तशी नाही. पण सुटे भाग, दुरुस्ती करणारे आणि फाइल उघडणारे सॉफ्टवेअर जवळ आहे का, हा प्रश्न तेव्हाइतकाच आजही महत्त्वाचा आहे.

ठरवायचे कसे?

गेल्या तीन महिन्यांतली कामे लिहून काढावीत आणि प्रत्येकासमोर सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि ग्राहकाने मागितलेली फाइल नोंदवावी. उत्पन्नाचा मोठा भाग एडियस, कोरलड्रॉ आणि जुन्या फॉन्टवर असेल तर पीसीच सुधारणे शहाणपणाचे. तो प्रामुख्याने नव्या कॅमेऱ्यांच्या व्हिडिओवर असेल आणि दाविंची रिझॉल्व्ह किंवा प्रीमियर चालत असेल, तर मॅक मिनी विचारात घ्यावा. तेव्हाही जुना पीसी विकू नये; इंटरनेट काढून जुन्या फाइलींसाठी ठेवावा आणि नव्या डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कराव्यात.

बदलाची वेळही महत्त्वाची आहे. यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे आणि अधिक महिन्यात लग्ने होत नाहीत. सराई सुरू असताना संकलनाचा संगणक बदलणे जोखमीचे. हा महिना मात्र नवे यंत्र तपासायला आणि चूक झाली तर परत फिरायला मोकळा आहे.