कपाट आहे, किल्ली आहे. माणूस कुठे आहे?

प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच पुस्तकांची चर्चा सुरू होते. पुस्तके किती, कोणती, अनुदान आले का? माझे म्हणणे थोडे निराळे आहे. पुस्तके थोडीफार आहेत. ती मुलांच्या हाती देणारा माणूस नाही, आणि त्यासाठी राखून ठेवलेला तासही नाही.

आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तालुके आठ. त्यांपैकी देवरी, सालेकसा छत्तीसगडला टेकलेले. जंगल, तलाव आणि धानाच्या बांध्या यांच्यामध्ये वसलेल्या कितीतरी गावांत जिल्हा परिषदेची शाळा हीच काय ती शाळा. तिथल्या मुलाच्या घरात पोवारी बोलतात, कुठे गोंडी, कुठे हिंदी, कुठे झाडीबोली. पाठ्यपुस्तकातली मराठी त्याला परक्या गावच्या पाहुण्यासारखी वाटते. तिच्याशी त्याची सोयरीक जुळवायची, तर गोष्टीच्या पुस्तकासारखा दुसरा मध्यस्थ नाही.

अशाच एका शाळेत लोखंडी कपाटातली पुस्तके पाहिली. छान, रंगीत आणि करकरीत कोरी. मुलांना का देत नाही, असे विचारल्यावर गुरुजी म्हणाले, "साहेब, देलं तं फाटते, नाही देलं तं राहते. अन् हरवलं तं भरून कोण देणार?"

या उत्तरावर हसू नये. पुस्तकांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते, म्हणजे खुर्ची, टेबल आणि घंटा यांच्या पंक्तीत. बदली झाली की नव्या शिक्षकाला ती मोजून ताब्यात द्यायची. मी आयुष्य बँकेत काढले. तिथे लाखांचे कर्ज बुडते, तेव्हा बुडीत कर्जासाठी तरतूद होते, रीतसर निर्लेखन होते आणि दुसऱ्या दिवशी शाखा उघडते. कर्ज बुडेल म्हणून कर्जवाटपच बंद करणारी बँक चालेल का? मग चाळीस रुपयांचे पुस्तक फाटेल या धास्तीने कपाट बंद का राहावे? मुलांनी वाचून फाटलेले पुस्तक म्हणजे वसूल झालेले कर्ज. खरे बुडीत खाते कपाटात आहे.

आता कायदा पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवे, तिथे वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके हवीत, असे स्पष्ट लिहिले आहे. पण त्याच परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या साठपर्यंत मुलांसाठी शिक्षक दोन. ग्रंथपालाचा उल्लेख नाही. समग्र शिक्षा योजनेत २०१८-१९ पासून ग्रंथालय अनुदान आले, प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत. त्यातून पुस्तके येतात, माणूस येत नाही.

दोन शिक्षक आणि पाच वर्ग, हा हिशेब कोणत्या वेळापत्रकात बसवायचा? एक गुरुजी बैठकीला गेले की दुसऱ्यांच्या वाट्याला सगळी शाळा. शिवाय पोषण आहाराचा हिशेब आणि रोजची ऑनलाइन माहिती. कागदावर शनिवारचा शेवटचा तास वाचनाचा असतो, आणि उरलेले प्रत्येक काम नेमके त्याच तासात येऊन बसते. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जयंतीला, २०१५ पासून आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. त्या दिवशी पुस्तके बाहेर येतात, फोटो निघतात. पण वर्षाचे उरलेले दिवस कोणाचे?

प्रत्येक शाळेला ग्रंथपाल द्या, अशी मागणी मी करणार नाही. वीस-तीस मुलांच्या शाळेला ते परवडणारही नाही. पण आपल्याकडे केंद्र नावाची सोय आधीपासून आहे. समजा, एका केंद्रात दहा शाळा आहेत. त्या दहांमध्ये मिळून एक ग्रंथपाल द्यावा. दोन आठवड्यांत कामाचे बारा दिवस. दहा दिवस दहा शाळांना, दोन दिवस पुस्तकांची डागडुजी आणि पेट्यांच्या अदलाबदलीसाठी. आठवडी बाजाराचा वार साऱ्या गावाला पाठ असतो, तसा पुस्तकांचा वारही मुलांना पाठ व्हावा. तो वार ठरलेला असला, म्हणजे त्या दिवशी बैठक लावताना वरचे साहेबही दोनदा विचार करतील.

यात नवे काही नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानातल्या खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. शंभर वर्षांपूर्वी जे झाले, ते आज मोटारसायकलच्या जमान्यात अशक्य का असावे?

कोणी म्हणेल, शिक्षकच उत्तम ग्रंथपाल. मान्य. पण त्या एका दिवशी तिसरा माणूस शाळेत आला, तर तो एक वर्ग गोष्टींत रमवेल आणि गुरुजींना मागे पडलेल्या चार मुलांजवळ बसता येईल. ग्रंथपालाचा पगार केवळ पुस्तकांवरचा खर्च नाही, तो शिक्षकाला मिळालेला वेळ आहे. आणि दरवर्षी ठरावीक पुस्तके फाटणार, हरवणार, हे गृहीत धरून ती नोंदवहीतून कमी करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना द्यावा. याला पैसाही लागत नाही, एक परिपत्रक पुरेल.

तोवर पालकांना एक गोष्ट करता येईल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत पुस्तके किती, हे विचारू नका. पुस्तकांचा तास कोणत्या वारी असतो आणि तो कोण घेते, एवढेच विचारा. मग देवघेवीची वही मागा आणि शेवटची तारीख वाचा. ग्रंथालय चालू आहे की बंद, ते त्या तारखेवरून कळेल.