खेळाडू गेला, चाहता राहिला : संघबदलाचा छोटा इतिहास

१/१२
आवडता खेळाडू प्रतिस्पर्धी संघात गेला की समाजमाध्यमांवर पहिला शब्द उमटतो तो 'गद्दार'. हा शब्द आपण इतिहासातून उचलतो आणि खेळाडूच्या माथी मारतो. तो तिथे कितपत शोभतो, याचा विचार या धाग्यात करू. सुरुवात अलीकडच्या एका उदाहरणापासून.

२/१२
२०१८. प्रो कबड्डीचा सहावा हंगाम. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून या स्पर्धेत प्रथमच उतरला आणि त्याने चढायांमध्ये दोनशेहून अधिक गुण मिळवले. संघाने त्याच्यासाठी ३६.४ लाख रुपये मोजले होते. मराठी प्रेक्षकाला आपल्या मातीतला चढाईपटू गवसला होता.

३/१२
एप्रिल २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १.४५ कोटी रुपयांना घेतले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. २० जुलैला हैदराबादेत नव्या हंगामाचा पहिलाच सामना झाला, तोही तेलुगू टायटन्स विरुद्ध यू मुंबा असा! यू मुंबा ३१-२५ अशी जिंकली. आपला संघ जिंकला आणि आपला खेळाडू हरला. अशा वेळी टाळी वाजवताना हात अडखळणारच.

४/१२
त्याआधीची कथा अनुप कुमारची. मूळचा हरियाणाचा हा कर्णधार मुंबईकरांनी आपला मानला. त्याच्याच नेतृत्वाखाली यू मुंबाने २०१५ मध्ये विजेतेपद मिळवले. २०१८ मध्ये तो जयपूरकडून खेळला आणि २०१९ मध्ये तर मुंबईच्या पारंपरिक प्रतिस्पर्ध्याचा, पुणेरी पलटणचा, प्रशिक्षक झाला.

५/१२
हे सारे लिलावयुगाचे पाप आहे, असे म्हणणाऱ्यांनी ऐंशीहून अधिक वर्षे मागे जावे. सांगलीत जन्मलेले विजय हजारे १९३९-४० च्या रणजी हंगामात पुण्यात महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा करून गेले. प्रतिस्पर्धी संघ होता बडोदा. त्या हंगामात महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला.

६/१२
१९४१-४२ पासून हेच हजारे बडोद्याकडून खेळू लागले! मार्च १९४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी २८८ आणि गुल महंमद यांनी ३१९ धावा केल्या. त्यांची ५७७ धावांची भागीदारी २००६ पर्यंत जागतिक विक्रम म्हणून टिकली. त्या विक्रमावर नाव कोरले गेले ते बडोद्याचे.

७/१२
याचे कारण समजून घ्यायला हवे. त्या काळी रणजी खेळून संसार चालत नसे. गायकवाड, होळकर यांसारखी संस्थाने खेळाडूंना नोकरी आणि आश्रय देत. १९४८ च्या डिसेंबरात महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा करणारे भाऊसाहेब निंबाळकरही पुढे होळकर, रेल्वे अशा संघांकडून खेळले. आश्रयदाता बदलला की संघ बदलत असे. आज त्या जागी लिलाव आला आहे, इतकेच.

८/१२
आता अमेरिकेकडे पाहू. जुलै २०१० मध्ये बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सने क्लीव्हलँड सोडून मायामीला जात असल्याचे दूरचित्रवाणीवरील खास कार्यक्रमात जाहीर केले. क्लीव्हलँडच्या चाहत्यांनी त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या. २०१४ मध्ये तो परतला आणि २०१६ मध्ये त्याने त्याच शहराला अजिंक्यपद मिळवून दिले.

९/१२
याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. डीमार डीरोझनला टोरोंटो सोडायचे नव्हते, तरी जुलै २०१८ मध्ये संघाने त्याची सॅन अँटोनियोशी अदलाबदल केली. पुढच्याच वर्षी टोरोंटो विजेते ठरले. खेळाडूने संघ सोडला तर ती फितुरी आणि संघाने खेळाडू सोडला तर तो व्यवहार, हा कुठला न्याय? देसाईलाही यू मुंबाने लिलावाआधी कायम ठेवले नव्हते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

१०/१२
शिवाय 'फितुरी' या शब्दाला वजन आहे. रणांगणातील फितुरीची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली जाई. आणि ज्या इतिहासातून हा शब्द येतो, त्याच इतिहासात आदिलशाही आणि मोगलांकडे गेलेल्या नेताजी पालकरांना शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये स्वराज्यात परत घेतले. एका करारासाठी आपण त्याहून कठोर व्हावे काय?

११/१२
हा विचार सोलापूरजवळच्या कुंभारीत अधिक स्पष्ट होतो. २००६ मध्ये येथे गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहतीची १०,००० घरे कामगार महिलांच्या हाती आली. वसाहतीत पद्मशाली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. या समाजाचे पूर्वज तेलंगणातून मागावर पोट भरण्यासाठी सोलापुरात आले. त्यांना कोणी गद्दार म्हटले नाही. घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या येथील मुलाने तेलुगू टायटन्सला परके का मानावे?

१२/१२
माझे मत असे. चाहत्याचे दुःख खरे आहे आणि त्याची थट्टा करू नये. त्याच्या निष्ठेला ना करार असतो ना मानधन. परंतु जाण्याचा हक्क वेगळा आणि जाण्याची रीत वेगळी. रीत चुकली तर अवश्य बोलावे. संघाने खेळाडू राखला नाही, तर जाब संघाला विचारावा. जो पोटापाण्यासाठी, अधिक मोलासाठी गेला, त्याच्या जुन्या चढाया मात्र आपल्याच राहतात. हजाऱ्यांचे नाबाद ३१६ आजही महाराष्ट्राच्याच खात्यात आहेत.