किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या हाती?

पळस्पे फाट्यावरून उरणकडे वळणाऱ्या ट्रेलरांची रांग पनवेलकरांना नवी नाही. ती कधी पावसाने लांबते, कधी संपाने, कधी रस्त्यातील खड्ड्यांनी. परंतु 27 जून 2017 रोजी न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ज्या कारणाने ठप्प झाले, ते कारण या परिसराने पूर्वी ऐकलेले नव्हते. क्रेन शाबूत होत्या, कामगार हजर होते, जहाजे येतच होती. मात्र कोणता कंटेनर कोठे आहे आणि तो कोणाच्या हवाली करावयाचा, हे सांगणारी यंत्रणाच मुकी झाली होती. 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' हे ते टर्मिनल. वर्षाकाठी वीसफुटी मापाचे सुमारे 18 लाख कंटेनर हाताळण्याची त्याची क्षमता; आणि ते चालविणारी एपीएम टर्मिनल्स ही डेन्मार्कच्या मेर्स्क उद्योगसमूहाची कंपनी. काही जहाजे शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली, आणि यंत्राचे काम माणसांनी कागद-पेन्सिल घेऊन करण्याची पाळी आली.

'व्हायरस आला' एवढे म्हणून त्या वेळी बहुतेकांनी हा विषय मिटविला. व्हायरस हा शब्द मोठा सोयीस्कर आहे. साथ आली, माणसे आजारी पडली, यात कोणाचा दोष? वस्तुतः या प्रकरणात विचारावयाचा प्रश्न निराळाच होता. 'नॉटपेट्या' या नावाने ओळखला गेलेला तो विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरविण्यात आला. पुढे अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. मेर्स्कच्या ओडेसा येथील कचेरीत ते हिशेबाचे सॉफ्टवेअर एका संगणकावर बसविलेले होते. काळ्या समुद्राकाठच्या एका कचेरीतील एका संगणकाला लागलेली आग रायगड जिल्ह्यातील बंदरापर्यंत पोचतेच कशी? याचे उत्तर वैद्यकात नाही, कारभारात आहे.

तो कारभार समजून घेण्यास संगणकाचे शास्त्र लागत नाही. कचेरीत चार वर्षे काढलेल्या कोणाही लिपिकास तो कळेल. मोठ्या संस्थेत हजारो संगणक असतात. प्रत्येक संगणकाने आपापले मस्टर ठेवावयाचे म्हटले, तर बदली झालेल्या एका माणसाचे नाव हजार ठिकाणी खोडावे लागेल. म्हणून सर्वांचे एकच मस्टर ठेवण्याची पद्धत पडली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 2000 साली 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी' या नावाने ती बाजारात आणली आणि आज जगातील बहुसंख्य मोठ्या कंपन्या तीच वापरतात. या मस्टराच्या अंमलाखालील मुलूख म्हणजे 'डोमेन', आणि ते मस्टर सांभाळणारा संगणक म्हणजे 'डोमेन कंट्रोलर'. सकाळी आपण नाव आणि पासवर्ड लिहितो, तेव्हा समोरचा संगणक या कंट्रोलरला विचारतो की हा गृहस्थ आपलाच काय; आणि होकार आल्यावर काही तासांपुरता परवाना आपल्या हाती पडतो. कोणी कोणती फाइल उघडावी, कोणी केवळ वाचावी, कोणी तिला हातही लावू नये, हे सारे त्या मस्टरात नोंदलेले असते. शिवाय 'ग्रुप पॉलिसी' नावाची एक चीज असते. ती म्हणजे स्वतःची अंमलबजावणी स्वतःच करणारे परिपत्रक! पासवर्ड किती अक्षरी असावा, पेनड्राइव्ह चालावा की नाही, हे एकदा ठरविले की हजार टेबलांवर ते एकाच वेळी लागू होते. आपल्या मंत्रालयास हेवा वाटावा अशीच ही सोय.

मात्र ज्याच्या हाती हे मस्टर, त्याच्या हाती साऱ्या इमारतीच्या किल्ल्या. 'डोमेन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' हा त्या जुडग्याचा धनी. तो नवा वापरकर्ता निर्माण करू शकतो, जुना नाहीसा करू शकतो, आणि मनात आणल्यास कोणाच्याही टेबलाचा खण उघडू शकतो. नॉटपेट्याने नेमके हेच हेरले होते. विंडोजमधील ज्या उणिवेचा तो लाभ घेत असे, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्येच दिलेली होती. तरीही दुरुस्त केलेले संगणक वाचले नाहीत. कारण त्याचा दुसरा मार्ग किल्लीचा होता. एखाद्या अधिकारसंपन्न व्यक्तीने साध्या संगणकावर काम केले की तिच्या ओळखीचे अवशेष त्या संगणकाच्या स्मृतीत राहतात. प्रोग्रॅम ते उचली आणि त्या व्यक्तीच्या नावाने पुढच्या संगणकाचे दार उघडी. कुलूप फोडण्याचे कारणच उरले नाही. पहारेकरी सलाम करून आत सोडीत होता.

मेर्स्कची जी वाताहत झाली, तिचा तपशील 'वायर्ड' या अमेरिकन मासिकाने 2018 साली प्रसिद्ध केला. जगभर विखुरलेले सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर त्या कंपनीकडे होते. प्रत्येकाजवळ त्याच मस्टराची प्रत होती आणि सारे एकमेकांशी सतत ताडून घेत. एक जळाला तर दुसरा आहेच, या भरवशावर सर्व निश्चिंत होते. सारेच एका वेळी जातील, ही कल्पना कोणी केली नव्हती. आणि ते तसेच गेले. इतर सर्व्हरांचे साठे परत मिळविणे शक्य होते; पण माणूस ओळखणारेच कोणी उरले नाही, तर ते साठे उघडावयाचे कोणाच्या नावाने? शोधता शोधता एकच प्रत हाती लागली, घाना देशातील कचेरीत. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती, म्हणून तो संगणक जाळ्याबाहेर राहिला. आपण पनवेलकर वीज गेली की वीजमंडळाला शिव्या घालतो. येथे मात्र वीज गेल्यामुळेच एक बलाढ्य कंपनी तरली. घानाहून ती माहिती तारेवाटे पाठविण्यास कित्येक दिवस लागले असते, आणि तेथील कर्मचाऱ्यांजवळ ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तेव्हा एकाने ती डिस्क नायजेरियात नेऊन दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो ती घेऊन विमानाने लंडनला गेला. पुढे दहा दिवसांत 45,000 संगणक आणि 4,000 सर्व्हर नव्याने उभे करावे लागल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी 2018 मध्ये दावोस येथे सांगितले. नुकसानीचा कंपनीचा स्वतःचा अंदाज 25 ते 30 कोटी डॉलरचा होता.

याच वृत्तांतात आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती साऱ्या आकड्यांहून बोलकी वाटते. सुरक्षाव्यवस्था सुधारण्याची योजना हल्ल्यापूर्वीच मंजूर झाली होती, तिच्यासाठी पैसाही होता. पण वरिष्ठांच्या कामगिरीच्या मोजमापात, अर्थात त्यांच्या बोनसात, तिला स्थान नव्हते. म्हणून ती रेंगाळली. तंत्रज्ञ अज्ञानी नव्हते. त्यांचे म्हणणे ज्यांनी ऐकावयाचे, त्यांना ते आपले काम वाटत नव्हते.

आपल्याकडे याहून निराळे काय आहे? नव्या माणसाला कोणते अधिकार द्यावयाचे, हे आपल्या बहुतेक संस्थांत साहेब ठरवीत नाहीत. संगणक सांभाळणारा कंत्राटी मुलगा ठरवितो, आणि तोही 'आधीच्यांना होते तेच' या न्यायाने. निवृत्ताचा निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ होते, टेबलाच्या किल्ल्या परत घेतल्याची नोंद होते. त्याचे मस्टरातील नाव मात्र वर्षानुवर्षे जिवंत राहते. साहेबांचा पासवर्ड शिपायापर्यंत सर्वांना पाठ असतो, कारण साहेबांना मंजुरीचे बटण दाबण्यास सवड नसते. त्यातून काय उद्भवते, हे शिक्षकवर्गास सांगावयास नको. नागपूर विभागात 2025 साली गाजलेले बोगस 'शालार्थ' ओळखक्रमांकांचे प्रकरण आठवावे. अपात्र व्यक्तींच्या नावे क्रमांक निर्माण करून शासनाच्या तिजोरीतून वेतन उचलल्याचा तेथे आरोप आहे. शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली आणि विशेष तपास पथक नेमावे लागले. न्यायनिवाडा न्यायालय करील. ती यंत्रणा वेगळी आणि तो हल्लाही परदेशी नव्हता. परंतु मस्टरात नाव चढविण्याचा अधिकार नेमका कोणाचा आणि तो वापरताना पाहणारे दुसरे कोणी होते काय, हा प्रश्न तोच.

यावर काही जण म्हणतील, मग एकच मस्टर ठेवणेच चूक. तसे नाही. पाचशे माणसांच्या संस्थेला त्याविना गत्यंतर नाही, आणि विस्कळीत कारभारात चोरी पकडणे अधिकच कठीण. केंद्रीकरण हवे; पण त्याची पथ्ये आपल्या जुन्या दप्तरी व्यवहारास ठाऊक होती. तिजोरीला दोन किल्ल्या असत आणि त्या दोघांजवळ असत. जो रोखकीर्द लिही, तो ती तपाशीत नसे. जाळ्यातही तेच करता येते: अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने रोजच्या पत्रव्यवहारासाठी साधे खाते वापरावे, मोठ्या अधिकाराचे खाते त्या कामासाठी राखलेल्या संगणकावरच उघडावे, आणि मस्टराची एक प्रत जाळ्यापासून पूर्ण तोडून ठेवावी, ती घानाच्या विजेवर सोडू नये. यांतील एकही गोष्ट विशेष खर्चाची नाही. त्यासाठी लागते ती वरिष्ठाची सही, आणि नेमकी तीच मिळत नाही.

कायद्याचा बडगा आता आलेला आहे. एप्रिल 2022 च्या केंद्रीय निर्देशांनुसार असा हल्ला सहा तासांत कळवावा लागतो आणि यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या नियमांनी प्रवेशाधिकारांवर नियंत्रण ठेवणे हे संस्थेचे कर्तव्य ठरविले आहे. परंतु न्हावा-शेव्याने 2017 नंतरही शांतता पाहिली नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये तेथील दुसऱ्या एका टर्मिनलच्या संगणकांवर हल्ला झाला आणि जहाजे पुन्हा इतरत्र वळवावी लागली.

पनवेल हे आता केवळ बंदराच्या वाटेवरील गाव राहिलेले नाही. 2016 पासून येथे महानगरपालिका आहे, ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ आहे, गोदामे आहेत, महाविद्यालये आणि इस्पितळे आहेत. या प्रत्येक ठिकाणी असे एखादे मस्टर आहे आणि त्यात आपले नाव आहे. मार्चअखेर आपण टेबले, खुर्च्या आणि मोडके पंखे मोजून जडसंग्रह नोंदवहीवर कार्यालयप्रमुखांची सही घेतो. त्याच आठवड्यात वापरकर्त्यांची यादीही छापून त्यांच्यापुढे ठेवावी, प्रत्येक नावापुढे त्याचे अधिकार लिहावेत, आणि ज्या नावाचा माणूस कचेरीत दाखविता येत नाही ते नाव तेथेच खोडून मग सही घ्यावी. यंदाच्या मार्चपासून याचा आरंभ करण्यास कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.