कोसळलेला पूल आणि कुंदन शहा

२०२५ च्या ऑक्टोबरात अभिनेते सतीश शहा गेले तेव्हा त्यांच्यावर जे मृत्युलेख आले, त्या जवळजवळ प्रत्येकात एका प्रेताची आठवण होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीत या गुणी नटाने शेकडो हसरी, बोलकी पात्रे रंगवली. पण लोकांच्या ध्यानात पक्का बसला तो ‘जाने भी दो यारो’मधला कमिशनर डिमेलो, आणि तोही मेल्यानंतरचा. शवपेटीतून रस्त्यावर, रस्त्यावरून महाभारताच्या रंगमंचावर, थेट द्रौपदीच्या साडीत जाऊन उभा राहिलेला. ज्या दिग्दर्शकाने हे प्रेत एवढे हिंडवले, त्या कुंदन शहा यांचे नाव मात्र त्या लेखांत कुठेतरी मधल्या परिच्छेदात, ओझरते येऊन गेले. हे काहीसे त्यांच्या आयुष्याला धरूनच झाले म्हणायचे.

कुंदन शहा ७ ऑक्टोबर २०१७ रोजी मुंबईत वारले. सत्तरीला बारा दिवस कमी होते. त्यांच्या कामाची यादी कुणी नुसती वाचली तर ती एकाच माणसाची वाटणार नाही. १९८३ साली ज्याला आजही तोड नाही असा राजकीय विनोदी चित्रपट. मग दहा वर्षे दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’, ‘नुक्कड’, ‘वागले की दुनिया’, ‘सर्कस’. १९९४ मध्ये ‘कभी हां कभी ना’. २००० मध्ये ‘क्या कहना’, जो धंद्याच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत यशस्वी चित्रपट. आणि त्यानंतर पंधरा वर्षे असे चित्रपट, की ज्यांची नावे त्यांच्या चाहत्यांनाही पटकन सांगता येणार नाहीत. हा चढउतार केवळ नशिबाचा खेळ नव्हता. या देशात विनोदाला भांडवल कोण पुरवतो आणि कोणत्या अटीवर, याचा तो जवळजवळ ताळेबंदच आहे.

‘जाने भी दो यारो’ आला ते दिवस आठवावेत. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होते आणि घर बांधणाऱ्या सामान्य माणसाला परमिटासाठी खेटे घालावे लागत. सिमेंटवाटपाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्याने १९८२ च्या जानेवारीत मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पायउतार व्हावे लागले होते. बिल्डर, महापालिका आणि सिमेंट हे तीन शब्द एका वाक्यात आले की ऐकणाऱ्याला पुढचे सांगावे लागत नव्हते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या कुंदन शहा यांनी नेमके हेच तीन शब्द उचलले. हैदराबादला फोटो स्टुडिओ काढून बसलेल्या दोन मित्रांच्या गमतीजमती त्यांच्या कानावर होत्या. त्यांतून दोन भाबडे छायाचित्रकार जन्मले, आणि त्यांना नावे मिळाली विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा, म्हणजे याच चित्रपटाच्या खटाटोपात असलेल्या दोन खऱ्या मित्रांची! बागेत काढलेला एक फोटो मोठा करता करता त्यात खून दिसू लागतो, ही कल्पना इटालियन दिग्दर्शक आंतोनिओनी यांच्या ‘ब्लो-अप’वरची, तीही लपवून न ठेवता त्या बागेचेच नाव ‘आंतोनिओनी पार्क’ ठेवून टाकले.

पैसा दिला राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, म्हणजे एनएफडीसीने. सारा खर्च सात लाखांच्या आसपास. माझी उमेद दुसऱ्यांच्या कर्जप्रस्तावांवर शेरे लिहिण्यात गेली, म्हणून हा प्रस्ताव टेबलावर आला असता तर काय झाले असते, याची मला चांगली कल्पना आहे. अर्जदाराचा पूर्वानुभव: पूर्ण लांबीचा एकही चित्रपट नाही. तारण: नाही. विषय: सरकारी यंत्रणेतला भ्रष्टाचार. शेवट: पूल कोसळतो, खरे गुन्हेगार सुटतात आणि निरपराध दोघे तुरुंगात जातात. कोणताही शहाणा शाखाधिकारी हा कागद चहा येण्यापूर्वी परत पाठवील. पण सरकारी महामंडळाने सरकारी यंत्रणेची टर उडवणाऱ्या पटकथेला पैसे दिले. त्या काळच्या दिल्लीविषयी फार भाबडे होण्याचे कारण नाही. तरीही ही गोष्ट तिच्या खात्यावर जमा करायलाच हवी.

सात लाखांत सगळे उसनवारीवर चालले होते. नसीरुद्दीन शाह यांच्या गळ्यात दिसतो तो कॅमेरा त्यांचा स्वतःचा होता आणि चित्रीकरणाच्या धांदलीत तो चोरीला गेला. विधु विनोद चोप्रा निर्मितीची व्यवस्थाही पाहत होते आणि दुःशासन होऊन रंगमंचावरही उभे राहिले. मराठी प्रेक्षकांना ‘ती फुलराणी’ म्हणून ठाऊक असलेल्या भक्ती बर्वे इथे ‘खबरदार’ या साप्ताहिकाच्या संपादिका झाल्या. भ्रष्टाचार उघड करता करता त्यावर स्वतःचाच सौदा करणाऱ्या. ही भूमिका मला आजही डिमेलोपेक्षा अधिक बोचरी वाटते. बिल्डर आणि कमिशनर यांच्याकडून आपण काही अपेक्षाच ठेवलेली नसते, संपादिकेकडून ठेवलेली असते. त्या अपेक्षेचा विश्वासघात भक्तीबाईंनी एका गोड हसण्यात दाखवला आहे.

आता एका नावाकडे वळतो, जे या चित्रपटाच्या गप्पांत नेहमी मागे राहते: संकलक रेणू सलुजा. विनोदी चित्रपटाचे श्रेय आपण नटाला देतो, फार तर संवादलेखकाला. पण विनोद हा वेळेचा हिशेब आहे. केळ्याच्या सालीवरून पाय घसरला यात हसण्यासारखे काही नसते. घसरण्याआधी ती साल आपल्याला किती वेळ दिसली आणि घसरल्यावर त्या माणसाकडे आपण किती वेळ पाहत राहिलो, त्यावर सगळे अवलंबून. अर्धा सेकंद लवकर कापले तर विनोद कळत नाही, अर्धा सेकंद उशिरा कापले तर तो शिळा होतो. शेवटचा महाभारताचा प्रवेश या दृष्टीने पाहावा. रंगमंचावर एक गोंधळ, विंगेत दुसरा, प्रेक्षागृहात तिसरा. गॉगल लावलेला भीम, वस्त्रहरणाचा बेतच रद्द करणारा दुर्योधन, काय चालले आहे म्हणून पुन्हा पुन्हा विचारणारा आंधळा धृतराष्ट्र, मध्येच घुसलेले सलीम आणि अकबर, आणि या सगळ्यांच्या मधोमध डोक्यावर पदर घेतलेले प्रेत. इतकी माणसे एकाच वेळी धावत असताना कोण कुणाच्या मागे आहे, याविषयी प्रेक्षकाचा क्षणभरही गोंधळ होत नाही. हे कात्रीचे काम आहे.

त्या कात्रीला दयामाया नव्हती. या चित्रपटात ‘डिस्को किलर’ नावाचा एक भाडोत्री मारेकरी होता आणि ती भूमिका अनुपम खेर नावाच्या एका नवख्या नटाने केली होती. चित्रपट लांबला म्हणून ते पात्र मुळासकट काढून टाकले गेले. ज्या वर्षी त्यांनी हा धुमाकूळ कापला, त्याच वर्षीचा ‘अर्धसत्य’ही रेणू सलुजांनीच संकलित केलेला आहे, श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा. एकाच पुराव्यावर दोन निकालपत्रे लिहावीत तसे हे दोन चित्रपट आहेत, आणि ओम पुरी दोन्हींत आहेत. पुढे ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’ आणि ‘गॉडमदर’साठी रेणू सलुजांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २००० च्या ऑगस्टमध्ये, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्या कर्करोगाने गेल्या. त्यानंतरच्या कुंदन शहांच्या चित्रपटांत जो ढिलेपणा जाणवतो, त्याचे एक कारण मला इथे दिसते. एकमेव नव्हे, पण एक.

पहिल्या चित्रपटाबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण दुसरा चित्रपट मिळाला नाही. दूरदर्शनचे दार मात्र तेव्हाच उघडत होते. १९८४ साली प्रायोजित मालिकांचे पर्व सुरू झाले. ‘ये जो है जिंदगी’च्या आधी ‘विको’ची जाहिरात लागायची, हे ज्यांच्या घरी तेव्हा शेजारपाजारचे लोक टीव्ही पाहायला येत त्यांना सांगायला नको. लेखन हिंदीतले थोर विनोदकार शरद जोशी यांचे. दापोलीचे शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी, आणि प्रत्येक भागात नवे सोंग घेऊन येणारे सतीश शहा. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, मोजके भाग, आणि जाहिरातदाराला लेखनात फारशी ढवळाढवळ करण्याची सवय अजून लागलेली नव्हती. हा साचा कुंदन शहांच्या प्रकृतीला फार मानवला.

सईद मिर्झांबरोबर केलेल्या ‘नुक्कड’मध्ये सायकल दुरुस्त करणारा, इलेक्ट्रिशियन, हॉटेलवाला, दारुडा खोपडी अशी कोपऱ्यावरची माणसे होती. १९८८ मध्ये आलेली ‘वागले की दुनिया’ तर आपल्या घरातच घडत होती. मूळ कल्पना आर. के. लक्ष्मण यांची, निर्मिती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे जोडपे इतके खरे वाटे, की बाजारात भेटले तर भाजीचा भाव विचारावा. श्रीवास्तव स्वतः तेव्हा अलाहाबाद बँकेत नोकरीला होते; रजेचा अर्ज हातात घेऊन साहेबाच्या केबिनबाहेर उभे राहण्याची ती विशिष्ट ढब त्यांना कुणी शिकवावी लागली नसणार! मराठी आडनावाचा हा कारकून साऱ्या देशाने आपला मानला, कारण त्याची संकटे गावोगावची होती: गॅस संपणे, पाहुणे येणे, खिशात पैसे कमी असणे. डिमेलो आणि तर्नेजा ज्या माणसाच्या जिवावर मोठे होतात, तो माणूस म्हणजे हा वागले. चित्रपटात कुंदन शहांनी वरची माणसे दाखवली, मालिकेत खालचा माणूस; विषय एकच.

‘कभी हां कभी ना’ पंकज अडवाणींबरोबर लिहिलेला. गोव्यात घडणारा. त्यातला सुनील परीक्षेत नापास होतो आणि घरी खोटी गुणपत्रिका दाखवतो, मित्रांशी खोटे बोलतो, आणि जिच्यासाठी हे सारे करतो ती मुलगी शेवटी दुसऱ्याशी लग्न करते. हिंदी चित्रपटाचा नायक हरतो आणि तरीही घरातले सगळे त्याच्यावर लोभ करत बाहेर पडतात, असे किती वेळा घडले? शाहरुख खान यांना या भूमिकेसाठी फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ आला आणि हरणाऱ्या नायकाचे दुकान हिंदी पडद्यावरून उठले.

इथून पुढे उतार आहे आणि तो मी लांबवणार नाही. उपग्रह वाहिन्या आल्या, साप्ताहिक मालिकांची जागा रोजच्या मालिकांनी घेतली, तेरा भागांत संपणाऱ्या गोष्टीला गिऱ्हाईक उरले नाही. चित्रपटात तारे आणि गाण्यांवाचून पैसा उभा राहीना. ‘क्या कहना’त कुमारी मातेचा प्रश्न धीटपणे घेतला होता हे खरे, पण त्यात कुंदन शहांचा तो वाकडा डोळा दिसत नाही. ‘हम तो मोहब्बत करेगा’, ‘दिल है तुम्हारा’, ‘एक से बढ़कर एक’ हे चित्रपट दुसऱ्या कुणीही केले असते. राजकीय विडंबनाकडे ते परतले ते थेट २०१५ च्या मे महिन्यात ‘पी से पीएम तक’ घेऊन. एक वेश्या राजकारणात शिरून सत्तेच्या दिशेने चढत जाते, अशी ती कथा. चित्रपट आला आणि गेला. खरे सांगायचे तर तो चांगलाही नव्हता. राग होता, वेळेचा हिशेब चुकला होता.

पण त्याच वर्षी त्यांचे नाव पुन्हा पहिल्या पानावर आले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षपदी गजेंद्र चौहान यांची नेमणूक झाल्याने विद्यार्थ्यांनी १२ जूनपासून संप पुकारला. तो १३९ दिवस चालला. नोव्हेंबरात चोवीस चित्रपटकर्मींनी आपले राष्ट्रीय पुरस्कार परत केले, त्यांत सईद मिर्झा होते आणि कुंदन शहाही होते. आजच्या व्यवस्थेत ‘जाने भी दो यारो’ करता येणे अशक्य आहे, अशा आशयाचे ते तेव्हा बोलले होते. पुरस्कारवापसीबद्दल मतभेद असू शकतात, माझ्याही घरी होते. पण योगायोग पाहा: चौहान देशाला माहीत होते ते बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’मधले युधिष्ठिर म्हणून. ज्याने महाभारताच्या रंगमंचावर प्रेत उभे केले, त्याच्याच शाळेच्या दारात एक युधिष्ठिर येऊन ठाकला. असा प्रवेश पटकथेत लिहिला असता तर फार जुळवून आणला म्हणून कुणीतरी कापला असता.

तो शेरा अगदी जसाच्या तसा मान्य करावा असे नाही. आपल्याकडे २०११ साली ‘देऊळ’ आला, हिंदीत २०१७ साली ‘न्यूटन’ आला. दोन्ही व्यवस्थेला हसणारे आणि दोन्ही राष्ट्रीय पुरस्काराने गौरवलेले. फरक नावे घेण्यात आहे. ‘जाने भी दो यारो’ने महापालिकेचा कमिशनर दाखवला, त्याला नाव दिले, पैसे खाताना दाखवले, मेल्यावर विटंबिले. आज असा प्रस्ताव गेला तर कथेच्या आधी तो वकिलाकडे जाईल. ओटीटी कंपन्यांकडे सात लाखांच्या कित्येक पट पैसा आहे, पण वकीलही कित्येक पट आहेत. आणि एनएफडीसी? २०२० च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने फिल्म्स डिव्हिजन, चित्रपट महोत्सव संचालनालय, बालचित्र समिती आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचे तिच्यात विलीनीकरण करण्याचे ठरवले आणि पुढे ते झालेही. आमच्याकडे बँकांची विलीनीकरणे झाली तेव्हा सर्वांत आधी काय नाहीसे झाले असेल, तर आपल्या अधिकारात एखादा आडवळणाचा प्रस्ताव मंजूर करण्याची हिंमत असलेला खालचा अधिकारी. तिथे तसे होऊ नये एवढीच अपेक्षा.

पूल मात्र कोसळतच आहेत. २०१८ च्या जुलैत अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर पडला, २०१९ च्या मार्चमध्ये सीएसएमटीजवळचा पादचारी पूल, २०२२ च्या ऑक्टोबरात गुजरातेत मोरबीचा झुलता पूल, २०२५ च्या जूनमध्ये पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा. प्रत्येक वेळी मोबाइलवर ‘जाने भी दो यारो’मधल्या पुलाची तुकडेफीत फिरते. ती पाठवणाऱ्यांतली निम्मी मुले तो चित्रपट आला तेव्हा जन्मलेलीही नव्हती. २०१२ साली एनएफडीसीने तो स्वच्छ करून पुन्हा चित्रपटगृहांत लावला होता, त्यामुळे चांगली प्रत उपलब्ध आहे. घरातल्या मुलांना दाखवायचा असेल तर एक करावे: शेवटी कैद्यांच्या कपड्यांत ते दोघे मुंबईच्या रस्त्यावरून चालू लागतात, शाळेत म्हणतात ते आशेचे समूहगीत वाजू लागते, तेव्हा टीव्ही बंद करायला उठू नये. गळ्यावरून हात फिरवण्याची ती खूण अगदी शेवटी आहे, आणि ती आपल्याकडे बघून केलेली आहे.