व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर काय?

"डॉक्टर, ह्यांना एकदा कुठंतरी ॲडमिट करा. महिन्याभरात दारू सुटेल ना?"

हा प्रश्न बहुतेक वेळा पेशंट विचारत नाही. त्याची बायको, आई किंवा भाऊ विचारतो. पेशंट बाहेर गाडीवर बसलेला असतो किंवा आलेलाच नसतो. मी सांगतो, "महिन्याभरात शरीरातली दारू निघून जाईल. व्यसन जायला जास्त वेळ लागेल आणि ते काम तुमच्या गावातच करावं लागेल." हे उत्तर नातेवाइकांना फारसं आवडत नाही. पण ते नीट समजून घेतलं, तर पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

शपथ पुरत नाही, कारण हा आजार आहे

रोज दारू पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय लागते. दारू मिळाली नाही की हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. त्रास थांबवायला तो पुन्हा पितो. याला आपण 'निर्लज्जपणा' म्हणतो. वैद्यकशास्त्र याला अवलंबित्व म्हणतं. मधुमेह आणि रक्तदाबासारखाच हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. साखर पुन्हा वाढली म्हणून आपण पेशंटला घराबाहेर काढत नाही. दारू पुन्हा सुरू झाली, तर तेवढाच शांतपणे उपचारही पुन्हा सुरू करायला हवा.

आपल्याकडे तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. या भागात दारू सोडायची म्हणजे माळ घालायची, ही जुनी रीत आहे. तिला माझा विरोध नाही. पण एक धोका लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो: माणूस बडबडतो, नसलेल्या गोष्टी त्याला दिसतात. हे जीवावर बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा, औषधांच्या आधाराने दारू बंद करा आणि मग खुशाल माळ घाला.

दुसरी चूक म्हणजे चहातून, भाजीतून गुपचूप दिलेलं 'दारू सोडवायचं औषध'. त्यातल्या काही औषधांवर दारू प्यायली, तर रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो. पेशंटला न सांगता असं औषध कधीही देऊ नका.

मुक्तांगणने काय शिकवलं

महाराष्ट्रात व्यसनमुक्ती म्हटलं की पहिलं नाव येतं पुण्यातल्या मुक्तांगणचं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक डॉ. अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्यात हे केंद्र सुरू केलं. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्याला आर्थिक बळ दिलं. तेव्हा गर्दच्या व्यसनाने तरुण मुलं उद्ध्वस्त होत होती. पुढे दारूचे पेशंट वाढत गेले.

तिथला मूळ कार्यक्रम साधारण 35 दिवसांचा. पण मला महत्त्वाच्या वाटतात त्या तिथल्या दुसऱ्या तीन गोष्टी. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे कार्यकर्ते म्हणून काम करतात. पेशंटच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे. आणि घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानला जातो. म्हणजे औषध, समुपदेशन आणि सोबत यांतली सोबत सर्वांत जास्त काळ लागते.

खरी परीक्षा गावात

केंद्रात दारू नसते, मित्र नसतात, कर्जाचा फोन येत नाही. पेशंट घरी येतो तेव्हा हे सगळं त्याची वाट बघत असतं. उसाचं बिल खात्यावर जमा होतं. जत्रा येते, हळदी येतात, निवडणूक येते. "एका पेगने काय होतंय?" म्हणणारा एक जण प्रत्येक कट्ट्यावर असतो. घरात त्याच्या खिशाची झडती चालू असते. आणि यातल्या कोणत्याही अडचणीत त्याने बोलायचं कुणाशी? बारामतीहून पुणे साधारण शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. मजुरी बुडवून दर आठवड्याला तिकडे जाणं बहुतेकांना जमत नाही.

इथे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे 'एए' या संघटनेची पद्धत उपयोगी पडते. 1935 मध्ये अमेरिकेत दारूच्या व्यसनात अडकलेल्या दोघांनी ती सुरू केली. त्यातला एक शल्यचिकित्सक होता. फी नाही, अर्ज नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. दारू सोडलेले लोक एकत्र बसतात, आपापलं सांगतात आणि फक्त आजचा दिवस दारूशिवाय काढायचं ठरवतात. कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' हे वेगळे गट असतात.

आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. माळ घातल्यावर ज्यांची दारू खरंच सुटते, त्यांच्याकडे नीट बघा. त्यांना भजनी मंडळ मिळतं, एकादशी मिळते, वारीची दिंडी मिळते. संध्याकाळी बसायला वेगळी जागा आणि वेगळी माणसं मिळतात. ज्याने माळ घातली पण संध्याकाळचा कट्टा बदलला नाही, त्याची माळ बऱ्याचदा टिकत नाही.

माझं मत

2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 लोकांमागे एकालाच काही ना काही मदत मिळते. दाखल होऊन उपचार मिळतात ते 180 मध्ये एकाला. नुसत्या खाटा वाढवून ही दरी भरणार नाही. दोन्ही तालुक्यांत स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने चालणारे पाठपुरावा गट हवेत, आणि त्यांना जागा आपण द्यायला हवी. शाळेची एक खोली, वाचनालय, मंदिराचा सभामंडप चालेल. वेळ आठवडे बाजाराच्या दिवसाची ठेवावी. बाजाराला आलेला माणूस कुणाच्या नजरेत न येता तासभर बसू शकतो. आपल्या गावात "हा तिकडे जातो" ही चर्चा फार लवकर पसरते, म्हणून शेजारच्या गावाच्या गटात जाणंही चांगलं. साखर कारखाने, दूध संस्था आणि पतसंस्था यांनी आपल्या कामगार-सभासदांसाठी एवढं केलं, तरी मोठं काम होईल.

केंद्र निवडताना हे विचारा

- शासनाची नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का?
- पहिल्या आठवड्यात झटके आले, तर काय सोय आहे?
- घरच्यांना भेटू, बोलू देतात का?
- घरच्यांसाठी समुपदेशन आहे का?
- घरी सोडल्यावर पाठपुरावा कसा आणि किती दिवस?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर दुसरं केंद्र शोधा. आणि "आम्ही रात्री गाडी पाठवून उचलून नेतो" असं कुणी सांगितलं, तर सावध व्हा. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाच्या पेशंटलाही लागू आहे. इच्छेविरुद्ध दाखल करायचे नियम त्यात ठरलेले आहेत आणि साखळीने बांधायला त्यात स्पष्ट बंदी आहे. मारहाण हा उपचार नव्हे.

सुरुवात कुठून करायची? बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा 14416 या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. हे दोन्ही मोफत आहेत. पेशंट यायला तयार नसेल, तरी तुम्ही एकटे या. उपचाराची सुरुवात घरच्यांपासूनही करता येते.

आणि तुमच्या ओळखीचं कुणी केंद्रातून नुकतं परत आलं असेल, तर "परत पिणार नाहीस ना?" असं विचारू नका. संध्याकाळी सात वाजता त्याच्या घरी जा आणि सोबत चहा घ्या. त्याला ती वेळ सर्वांत अवघड जाते.